मे महिन्यात झोपणारी बाग

परीक्षा संपली की दोन दिवसांत होस्टेल रिकामं होतं. गाद्या गुंडाळल्या जातात, बादल्या कॉटखाली सरकतात, जुन्या नोट्स ज्युनिअर्सना दान होतात. गॅलरीतल्या कुंड्यांचा मात्र कुणीच विचार करत नाही. सुट्टी संपवून परत यावं, तर प्रत्येक मजल्यावर चार-पाच वाळलेले सांगाडे उभे! मग पुन्हा नर्सरी, पुन्हा गुलाब, पुन्हा ‘या वर्षी जगवायचाच’ असा संकल्प, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. एम-थ्री सुद्धा कधीतरी सुटतो, पण कुंडीतल्या गुलाबाची केटी काही सुटत नाही.

स्टाफ क्वार्टर्सची गोष्ट वेगळी. तिथे बारा महिने माणसं असतात, त्यामुळे झाडं मरत नाहीत. पण उन्हाळ्यात ती जगतात पाईपवर, आणि पाईप जगतो टँकरवर. एप्रिल उजाडला की नळाला पाणी कमी येतं, बादल्यांची रांग लागते, आणि त्याच वेळी समोरच्या हिरवळीवर कारंजं फिरत असतं. हे दृश्य जवळजवळ प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक सोसायटीत दिसतं.

हे दोन प्रश्न वरवर वेगळे वाटले तरी मूळ एकच आहे. बाग म्हणजे हिरवी, आणि हिरवी म्हणजे बारा महिने हिरवी, अशी एक कल्पना आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. जिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो अशा देशांत ती चालते. आपल्या दख्खनच्या पठारावर निसर्गाचं टाइमटेबलच वेगळं आहे : चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं. इथली मूळची झाडं हे टाइमटेबल पाळतात. कामाच्या वेळी काम करतात आणि उन्हाळ्यात चक्क झोपतात. माझं म्हणणं एवढंच, की आपणही बागेला मे महिन्यात झोपू द्यावं. आणि आता हवामान ज्या पद्धतीनं बदलतंय, ते पाहता हे फार लांबवूही नये.

आधी थोडं गणित

घाबरू नका, हे गणित दहावीच्या पलीकडचं नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पाऊस असो की बाष्पीभवन, हिशोब हाच.

आपल्याकडे मे महिन्यात ऊन आणि वारा मिळून ओल्या जमिनीतून आणि पानांतून दिवसाला साधारण ६ ते ८ मिलिमीटर पाणी ओढून घेतात. लॉन हिरवं ठेवायचं तर त्यातले ५ मिलिमीटर तरी आपल्याला भरून द्यावे लागतात. म्हणजे १०० चौरस मीटरच्या लॉनला रोज ५०० लिटर. मे महिन्याचे ३१ दिवस धरले तर १५,५०० लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे दीड टँकर. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशोबानं एवढंसं लॉन रोज जवळजवळ चार माणसांचं पाणी पितं, आणि तेही आंघोळ न करता!

आता कुंडीकडे वळूया. १२ इंची कुंडीत साधारण १५ ते २० लिटर माती बसते. पूर्ण भिजवली तरी त्यातलं मुळांना घेता येईल असं पाणी फार तर २ ते ३ लिटर. चांगलं डेरेदार झाड मे महिन्यातल्या उन्हात दिवसाला लिटरभर पाणी सहज उडवतं. म्हणजे कुंडी ही एक बॅटरी समजली, तर ती दोन-तीन दिवसांत उतरते. आपली सुट्टी असते महिना-दीड महिन्याची. निघायच्या दिवशी तुम्ही कितीही प्रेमानं बादलीभर पाणी ओता, जास्तीचं पाणी खालच्या भोकातून निघून जातं. बॅटरी मोठी करता येत नाही, चार्जर लावून जाता येत नाही. मग उपाय एकच : लोड कमी करायचा. झाडच स्टँडबाय मोडवर जाणारं हवं.

पावसाची अटेंडन्स

इथं हवामानबदलाचा मुद्दा येतो. ‘पाऊस कमी झालाय’ असं आपण सरसकट म्हणतो, पण आपल्या बागेसाठी खरी अडचण वेगळीच आहे. पावसाचं आता आपल्यासारखं झालंय. वर्षाअखेर अटेंडन्स पंचाहत्तर टक्के भरते, पण कशी? मधले तीन आठवडे सलग बंक, आणि शेवटी एका दिवसात सगळी एक्स्ट्रा लेक्चर्स! कागदावर बेरीज बरोबर, शिकलेलं काही नाही. झाडाला बेरीज कळत नाही, त्याला मधला खंड कळतो.

याची उदाहरणं अलीकडचीच आहेत. मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, म्हणजे ऐन श्रावणात पावसानं दांडी मारली. २०२५ मध्ये उलटं झालं. मॉन्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला; मुंबईच्या नोंदींमधलं ते सर्वांत लवकरचं आगमन. आणि एवढ्या घाईनं आल्यावर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची पुढची वाटचाल थबकली. भारतीय हवामान विभागानं तर २०२० मध्ये मॉन्सूनच्या येण्याजाण्याच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या. वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरत, ती आता १७ सप्टेंबरला धरतात.

याच्यामागचं शास्त्र थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात आहे. क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरण आठवतंय का? (वायवापुरतं तरी पाठ केलं असेलच.) त्यानुसार तापमान एक अंशानं वाढलं, की हवेची बाष्प धरण्याची क्षमता ६ ते ७ टक्क्यांनी वाढते. याचे दोन परिणाम. पाऊस पडतो तेव्हा ढगात माल जास्त असतो, म्हणून धो धो पडतो. आणि पाऊस नसतो तेव्हा हीच हवा जास्त तहानलेली असते. ३५ अंशाला हवेचा संपृक्त बाष्पदाब असतो ५.६ किलोपास्कल, तर ४० अंशाला ७.४. नुसत्या पाच अंशांच्या फरकानं जवळजवळ ३० टक्के वाढ! हे पाणी हवा कुठून घेणार? तुमच्या कुंडीतूनच.

ज्या मित्रांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लवकर पाऊस आला म्हणून पेरावं, पुढे खंड पडावा आणि दुबार पेरणी करावी, हे घरी सोसलेले बरेचजण आपल्या होस्टेलात आहेत. आपल्या कुंडीचं नुकसान पन्नास रुपयांचं असतं. पण कारण तेच आहे.

झोपायच्या चार पद्धती

इथल्या मूळच्या झाडांना कोरडे आठ महिने हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. त्यावर त्यांनी काढलेल्या तोडग्यांचे मी चार गट केले आहेत. वनस्पतिशास्त्रवाले अजूनही पाडतील, पण आपल्याला एवढे पुरे.

पहिली पद्धत : बी होऊन झोपणं. उदाहरण तेरड्याचं. पावसाळ्यात उगवतो, गौरी-गणपतीच्या सुमाराला फुलतो, शेंगा तडकून बिया उडवतो आणि संपतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण उरलेलं वर्ष तो बी होऊन निवांत पडलेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही. पाण्याचा खर्च शून्य.

दुसरी पद्धत : कंद होऊन झोपणं. हळद, रानहळद, सुरण, कर्टुली, शतावरी, कळलावी ही सगळी या गटातली. पावसाळ्यात जमवलेलं अन्न जमिनीखाली साठवायचं, वरची पानं सोडून द्यायची आणि पुढच्या पावसापर्यंत गुडूप. माझ्या रूममेटनं एका कुंडीत हळदीचा कंद लावला होता. जानेवारीत पानं पिवळी पडून वाळून गेली, तेव्हा ती कुंडी रिकामी करायला निघाली होती. आपल्या बागेतल्या माळीकाकांनी पाहिलं आणि म्हणाले, “ताई, ऱ्हाऊ द्या तिला. मेली न्हाई ती, निजलीय.” सुप्तावस्था या विषयावरचं याहून सोपं लेक्चर मी तरी ऐकलेलं नाही. आणि खरंच, जूनमध्ये त्या ‘मेलेल्या’ कुंडीतून हिरवी सुरळी वर आली.

तिसरी पद्धत : पानं गाळून झोपणं. पाणी उडतं ते मुख्यतः पानांवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून. मग पानंच नकोत! पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळी पानं गाळतात. गंमत म्हणजे फुलतातही तेव्हाच. पळस-पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतात, बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळाधमक होतो. पानांचं बजेट बंद आणि सगळी शिल्लक फुलांवर, असा हा कारभार. आपल्या पारिजातकाचीही बरीचशी पानं उन्हाळ्यात झडतात. ‘झाड वाळलं’ म्हणून त्याला घाबरून पाणी पाजत बसायचं कारण नसतं.

चौथी पद्धत खरं तर झोपेची नाही, पाळी बदलण्याची आहे. काटेरी त्रिधारी निवडुंग किंवा डोंगरकड्यांवर दिसणारं माकडशिंग ही झाडं दिवसा पर्णरंध्रं बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतात. दिवसा दार बंद, रात्री काम : सबमिशनच्या आठवड्यातल्या होस्टेलसारखं! गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे हरळी, तिची युक्ती आणखी वेगळी. ती ऊस-ज्वारीच्या पद्धतीनं प्रकाशसंश्लेषण करते, त्यामुळे कमी पाण्यात जास्त काम होतं. आणि पाणी अगदीच संपलं की ती पिवळी पडून जमिनीलगत पडून राहते. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात पुन्हा हिरवी.

देशी म्हणजे नेमकं काय?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. डॅफोडिल आणि ट्यूलिप यांची आणि माझी ओळख पुस्तकात पहिलीतच झाली. कोरांटी मात्र मला कॉलेजच्या कुंपणाशी, विसाव्या वर्षी भेटली. पण म्हणून ‘परदेशी हटाव’चा नारा द्यायला मी हा लेख लिहीत नाहीये. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा आहे. निशिगंधही तिथलाच. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. मिरची आणि टोमॅटो अमेरिकेतून आले. हे सगळं हटवलं तर आपल्या मिसळीत उरणार काय?

प्रश्न जन्मदाखल्याचा नाहीच. प्रश्न दोनच विचारायचे. एक, हे झाड इथल्या पावसावर आणि इथल्या कोरड्यावर भागवतं का, की वर्षभर नळावर अवलंबून राहतं? दोन, ते आपली जागा सोडून बाहेर पसरतं का? सदाफुली पहिल्या प्रश्नात पास होते. घाणेरी, म्हणजे टणटणी, दुसऱ्या प्रश्नात साफ नापास. बागेची शोभा म्हणून आणलेली ही अमेरिकन झुडपं आज डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहेत.

आणि ‘देशी’ लेबल लागलं म्हणजे झालं असंही नाही. ताम्हण हे आपलं राज्यफूल. अस्सल महाराष्ट्रीय, पण मूळचं कोकणातल्या आणि घाटातल्या ओढ्यांकाठचं. त्याला पठारावरच्या मुरमाड जमिनीत लावून पाणी द्यायचं विसरलं, तर ते रुसणारच. सीतेचा अशोक तसाच, सावली आणि ओल मागणारा. म्हणून ‘देशी’पेक्षा ‘इथलं’ हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. आपल्या कॅम्पसच्या मागच्या माळावर जे पाणी न घालता उगवतं, ते ‘इथलं’.

आणखी एक गैरसमज. इथलं झाड लावलं म्हणजे पहिल्या दिवसापासून पाणी नको, असं नसतं. मुळं खोल जायला वेळ लागतो. जमिनीत लावलेल्या झाडाला पहिले एक-दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा तरी पाणी द्यावंच लागतं. त्यानंतर ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. आपल्यासारखंच, फक्त चार वर्षं आणि प्लेसमेंट लागत नाही.

आणि बदलत्या हवामानात इथली झाडंही अडचणीत येऊ शकतात. मे महिन्यात पाऊस येऊन पुढे खंड पडला, तर उगवलेला तेरडा वाळून जाईल. कंदाकडे शिल्लक असते, तो बहुतेक तग धरेल. म्हणूनच एकाच प्रकारची दहा झाडं लावण्यापेक्षा चारही पद्धतींतली दोन-दोन लावावीत. आपण याला रिडन्डन्सी म्हणतो. एक सिस्टीम फेल गेली तरी दुसरी चालू राहिली पाहिजे. तेरड्याचं बीही सगळं एकदम न टाकता दोन हप्त्यांत टाकावं.

होस्टेलच्या गॅलरीसाठी

होस्टेलचं वर्ष आणि पावसाचं वर्ष हे जवळजवळ एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? पाऊस सुरू झाला की आपण येतो, उन्हाचा कडाका वाढला की आपण जातो. म्हणजे कंदाची झाडं ही जणू होस्टेलसाठीच बनवलेली आहेत.

सर्वांत सोपी हळद. मंडईतून ताज्या हळदीचा, डोळे असलेला कंद आणा, दोन इंच खोल पुरा. मे अखेर ते जून ही योग्य वेळ. तेव्हा तुम्ही घरी असाल तर कंद घरीच लावून येताना कुंडी घेऊन या, किंवा आल्या आल्या लावा. गॅलरीतल्या अर्धवट उन्हात ती मजेत वाढते. गॅलरीला ग्रिल असेल तर कर्टुलीचा वेल चढवा. पण कर्टुलीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे फळ हवं तर दोन्ही लागतात. शेजारच्या रूमशी हातमिळवणी करा. फार ऊन येणाऱ्या गॅलरीत कोरांटी किंवा माकडशिंग. कळलावीचं फूल फार देखणं, पण तिचे सगळे भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी असतात. जिथे लहान मुलं आहेत तिथे ती नकोच.

माती भरताना नुसती काळी माती भरू नका. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली. भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात, आणि कुंडीत तर विटेसारखी घट्ट होते. एक भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाडी वाळू आणि एक भाग शेणखत किंवा पाल्याचं खत असं मिश्रण करा. कुंडी मातीची असेल तर उत्तम. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं तिच्यातली मुळंही गार राहतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ती उकडतात.

डिसेंबरपासून पाणी हळूहळू कमी करा. पानं पिवळी पडली की ओढून काढू नका, आपोआप वाळू द्या. त्यांच्यातला माल त्या वेळी खाली कंदात जात असतो. पानं गेल्यावर कुंडी सावलीत भिंतीलगत सरकवा, वर तीन-चार बोटं जाडीचा पाचोळा पसरा आणि पाणी जवळजवळ बंद करा. झोपलेल्या कंदाला रोज पाणी पाजलं तर तो कुजतो. निघताना कुंडीवर एक चिठ्ठी चिकटवा : ‘झोपली आहे. टाकू नये.’ सफाईला येणाऱ्या मावशींना तोंडी सांगितलं तर आणखी बरं.

एक कळकळीची विनंती. कासच्या पठारावरून किंवा ट्रेकला गेल्यावर किल्ल्यावरून कंद उपटून आणू नका. तिथलं रोप तिथेच शोभतं, आणि बहुतेक वेळा तिथेच जगतं. नर्सरीतून, किंवा ज्यांच्याकडे आधीच लावलेलं आहे त्यांच्याकडून मागून घ्या.

क्वार्टर्सच्या अंगणासाठी

सर आणि मॅडम मंडळींकडे जमीन आहे, म्हणजे मोठी बॅटरी आहे. तिथे पारिजातक, अडुळसा, निरगुडी, जाई-जुई, कढीपत्ता ही झाडं लावता येतील. जागा असेल तर एक बहावा किंवा आपटा. दसऱ्याला आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं वाटली जातात. खरा आपटा दारात असेल तर ती फसवणूक तरी टळेल.

कढीपत्ता आणि लिंबू यांचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर केलं, नीलवंत, ज्याला इंग्रजीत ब्लू मॉरमॉन म्हणतात. असं करणारं आपलं पहिलं राज्य. या फुलपाखराच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाऊन वाढतात. लिंबाळी नावाचं फुलपाखरूही तसंच. फुलपाखरांना फुलांतला मध कुठेही मिळेल, पण अंडी घालायला ठरावीकच झाड लागतं. तेव्हा लिंबाच्या पानांवर अळी दिसली की लगेच फवारणी नको. चार पानं गेली तर जाऊ द्या, त्या बदल्यात काय मिळतंय ते बघा.

राहता राहिलं लॉन. ते काढून टाका असं मी म्हणत नाही. हरळीचं करा, आणि फेब्रुवारीपासून पिवळं पडू द्या. यावर उत्तर तयार असतं : “पाहुणे येतात, इन्स्पेक्शन असतं, ॲडमिशनला पालक येतात, कॅम्पस कसा दिसेल?” प्रश्न रास्त आहे. पण ॲडमिशनला आलेल्या पालकांना हिरवं लॉन दाखवायचं आणि ॲडमिशन झाल्यावर मुलाला पाण्यासाठी रांगेत उभं करायचं, हे तरी कसं दिसतं? शिवाय मे महिना फुलांशिवाय जात नाहीच. गेटपासून ऑफिसपर्यंत दुतर्फा बहावा असेल, तर खाली हरळी पिवळी आहे हे कोण बघणार?

पाणी द्यायचंच तर

नवी रोपं, भाजीच्या कुंड्या, तुळस यांना उन्हाळ्यात पाणी लागणारच. ते पिण्याच्या पाण्यातून जाऊ नये एवढंच बघायचं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, ते खुशाल घाला. मेसमधलं भाजी धुतलेलं पाणी उत्तम. वॉटर प्युरिफायरनं बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते साध्या पाण्यात मिसळून आणि आलटूनपालटून द्यावं. नाहीतर कुंडीत पांढरा थर साचतो.

जमिनीतल्या रोपाजवळ एक बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि वर झाकण ठेवा. कोरडी माती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते आणि ओली झाली की थांबते. ना वीज, ना टायमर, तरीही ऑटोमॅटिक कंट्रोल! सोबतीला मुळांभोवती पाचोळ्याचा थर. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅम्पसभर पानं पडतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात त्यांना काडी लावली जाते. तो धूर आपणच खातो, आणि नंतर खताच्या पिशव्या विकत आणतो.

छताचाही हिशोब करून ठेवा. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला ७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ७०० च धरला आणि २० टक्के वाया गेला समजलं, तरी १०० चौरस मीटरच्या छतावरून ५६,००० लिटर पाणी खाली येतं. एवढं साठवायला टाकी कुठून आणणार? पण त्यासाठी टाकीच लागते असं नाही. छताचे पाईप गटाराऐवजी झाडांजवळच्या चरात सोडले, की पाणी जमिनीत मुरतं, आणि खोल मुळांची झाडं ते पुढे कित्येक आठवडे वापरतात. आधी पाणी जमिनीत घालायचं, मग त्यावर जगणारं झाड लावायचं. उलटं केलं की टँकर.

जाता जाता...

मी सांगते म्हणून कुणी ऐकावं अशी माझी अपेक्षा नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात आहोत, मोजून बघूया. एका लॉनचे दोन सारखे भाग करायचे. एका भागाला नेहमीप्रमाणे पाणी, दुसऱ्या भागात हरळी लावायची, पावसाळ्यात रुजू द्यायची आणि फेब्रुवारी ते मे पाईप बंद. दोन्हीकडच्या नळांना मीटर बसवायचं, दर सोमवारी आकडा लिहायचा आणि जुलै उजाडला की दोन्ही भागांचे फोटो काढायचे. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला मिनी-प्रोजेक्ट म्हणून हे सहज जमेल, मीटरचा खर्चही फारसा नाही. मीटर काय म्हणतं ते पुढच्या वर्षीच्या अंकात छापू, माझ्या विरोधात गेलं तरी!